आत्याबाईंची वाकळ कापू की ठेवू?

शाहूपुरीच्या_बाई

नमस्कार. इथं आजवर नुसती वाचत आले, लिहायची ही पहिलीच वेळ. जरा लांबण लागेल. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, थोडक्यात सांगायची सवय नाही.

साताऱ्यात आम्ही अकरा बायका आणि एक शिंपीकाका दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकीच्या गच्चीवर पत्र्याखाली जमतो. गटाला नावबिव काही नाही. महिन्याभरात हातानं जे केलं असेल ते पिशवीतनं आणायचं, सतरंजीवर मांडायचं आणि बाकीच्यांनी ते उलटं करून बघायचं. पुढून काय, सगळ्यांचंच छान असतं. खरं काम मागनं कळतं.

परवाच्या शनिवारी एकीनं कास आणलं होतं. म्हणजे कासचं पठार, तीन फूट बाय दोन फूट, भिंतीवर टांगायचं. तेरड्याचा गुलाबी तिनं जुन्या शिफॉनच्या ओढणीच्या चिंध्या एकावर एक टाचून काढलाय. सोनकीच्या जागी पिवळ्या दोऱ्याच्या गाठी. आणि सीतेची आसवं म्हणून जांभळ्या मलमलीचे नखाएवढे तुकडे, एकाच बाजूनं टाचलेले, त्यामुळं फुंकर घातली की हलतात. मी दोनदा फुंकर घातली. दुसरीनं खणआळीतल्या एका दुकानातनं खणाच्या उरलेल्या पट्ट्या आणून देवघरापुढचं आसन केलं होतं. तिचे कोपरे काही जुळले नव्हते, पण रंग असे की कोपऱ्यांकडे कोण बघतंय. शिंपीकाकांनी सुटिंगच्या नमुन्याच्या वह्या फोडून त्यातले चौकोन जोडलेत. करडे, राखी, तपकिरी, मोजून १४४. आणि बरोब्बर मध्याच्या जरा डावीकडे एकच लाल. "लाल कुठला हो?" म्हटलं तर म्हणाले, "नवरदेवाच्या कोटाचा. गिऱ्हाईक परत आलंच नाही."

मी महिनाभर काहीच केलं नव्हतं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून ट्रंकेतली आत्याबाईंची वाकळ नेली. (वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. जाऊन चार वर्षं झाली. गाव वडूजच्या पलीकडं.)

वाकळ सहा फूट बाय साडेचार. रद्दीवाल्याच्या काट्यावर ४ किलो ३०० ग्रॅम भरली. वरच्या अंगाला हिरवं इरकली लुगडं, तांबड्या काठाचं. खालच्या अंगाला धोतर, आता चहाच्या रंगाचं झालेलं. जागोजागी ठिगळं आहेत. सासऱ्यांच्या सदऱ्याचं रेघारेघांचं, कुठल्याशा परकराचं चिटाचं, आणि उशाकडच्या कोपऱ्यात ह्यांच्या शाळेतल्या खाकी चड्डीचा मागचा खिसा. खिसा तसाच्या तसा लावलाय, उघडतो. आत्याबाई रात्री त्यात पानसुपारीची चंची ठेवायच्या. टाका तांदळाएवढा, एकाला एक लागून, बाहेरनं आत चौकोनात चौकोन जात जात मध्यावर संपलेला.

आणि तो मध्यच गेलाय. साधारण दोन वीत लांब-रुंद जागा. इरकल कुजल्यासारखं झालंय, बोट लावलं की पीठ पडतं. कडा मात्र दगडासारख्या घट्ट.

कासवालीनं बघितलं नि म्हणाली, "बाई, मधलं गेलेलं काढून टाका. चार चांगले तुकडे निघतील. फ्रेम करा. एक तुम्हाला, एक वन्संना, एक जाऊबाईंना, आणि चौथा आपण प्रदर्शनाला लावू."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. कारण आमच्यात शेतीची वाटणी दोन बैठकांत झाली, पण ह्या वाकळीवरून चार वर्षं चाललंय. वन्सं म्हणतात आईची आहे, मला द्या. जाऊबाई म्हणतात शेवटी मी केलंय त्यांचं, मला द्या. मी काहीच म्हणत नाही, ती माझ्या ट्रंकेत आहे.

पण कासवाली बोलत असताना गटातली एक बाई उठली, वाकळीची घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली आणि चहा ठेवायला निघून गेली. एक शब्द बोलली नाही. तेव्हापासनं माझी झोप उडालीय.

तर विचारायचं ते हे. कापावी का? कापली तर टाके उसवत जातील का? आणि नाही कापली तर त्या मधल्या भोकाचं काय करायचं? फोटो जोडलेत, मागच्या बाजूचेही.

कृष्णाकाठ_सांगली

ताई, कापायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण काहीही झालं तरी धुऊ नका. फोटोत मळलेली दिसतेय, कुणीतरी सांगणारच, मशिनमधनं काढा म्हणून.

आम्ही गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही कागदपत्रं, दागिने आणि मांजर घेऊन निघालो. वाकळा दिवाणात राहिल्या. पाणी उतरून घरात शिरलो तर दिवाण उघडेना, आतली लाकडं फुगलेली. ओल्या वाकळीचं वजन काय असतं ते तेव्हा कळलं. दोघांना उचलेना. मिस्टरांनी अंगणातल्या तारेवर टाकली आणि तिथंच घात झाला. पाण्याच्या वजनानं मधले टाके तटातट तुटले, आतल्या चिंध्या घरंगळून खालच्या कडेला गोळा झाल्या. नुसता बोंगा. दुसरी आम्ही बाजेवर आडवी पसरली, खालनं वरनं वारं लागेल अशी. ती वाचली. पण तिच्या तांबड्या काठाचा रंग धोतरावर असा काही उतरलाय की गुलाबी झालीय.

त्यावर शेजारणीनं सांगितलं मिठाच्या पाण्यात ठेवा, रंग बसतो. काही बसत नाही. आधीच सुटणारा रंग मिठानं धरून ठेवता येत नाही. तुमच्या इरकलीचा काठ तांबडा आहे म्हणून सांगते. बघायचंच असेल तर पांढरं फडकं ओलं करून काठावर मिनिटभर दाबून धरा. फडक्याला रंग लागला की समजायचं.

धूळ काढायला व्हॅक्यूमच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा, वेग कमी ठेवा, आणि कुजलेल्या जागेच्या जवळही जाऊ नका. मग सावलीत वाऱ्यावर. ऊन नको, तासभर पुरे असं म्हणून आपण चार तास विसरतो.

ट्रंकेत घडी घालून ठेवत असाल तर दर दोन महिन्यांनी घडी बदला. कापड पहिलं तुटतं ते घडीच्या रेषेवर. त्याहून बरं म्हणजे पाइपवर गुंडाळी, आणि वरनं धुतलेलं मांजरपाट. वर्तमानपत्र नको, त्याची शाई आणि पिवळेपणा दोन्ही उतरतं.

टीप_आणि_काजं

बाई, मी शिंपीकाका. शनिवारी गप्प बसलो कारण बायकांच्या मध्ये बोलून आपली खैर नसते.

कापण्याबद्दल विचारलंय तेवढंच सांगतो. वाकळ म्हणजे सगळा धावदोरा. एक दोरा हातभर चालतो, गाठ फक्त सुरुवातीला आणि शेवटी. मधे कुठंही कात्री लावली की दोन्ही बाजूंनी दोरा सुटा होतो. आज दिसणार नाही. चार वेळा हाताळली की टाका टाका मागं सरकत जाईल. म्हणून कापायचंच असेल तर आधी रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर शिलाई घालायची आणि मगच मधोमध कात्री.

आता ती शिलाई मशिनवर घालू नका. तुमच्या वाकळीत किती पदर आहेत ते मी कडेला चिमटीत धरून बघितलं. सात तरी आहेत, मधे जास्त. १८ नंबरची सुई लागेल, आणि ती सुई जुन्या सुती कापडाला भोकं पाडत जाते. बारीक टीप घातली तर तिकिटासारखं होईल, ओढलं की त्याच रेघेवर फाटणार. हातानं बखिया घाला, टाका मोठा, दोरा सुती. पॉलिएस्टर दोरा जुन्या कापडापेक्षा ताकदवान असतो. ताण आला की दोरा तुटायला हवा, कापड नाही. पॉलिएस्टर तुटत नाही, कापड कापतो.

फ्रेमवाला गोंद लावून चिकटवून देतो म्हणेल. त्याला दारातनंच परत पाठवा.

माझं मत विचारलं नाही, पण एक सांगतो. लोक माझ्याकडं वाकळ आणतात, कडेला नवा गोट लावून द्या म्हणतात. मी लावून देतो. कापून द्या म्हणून आजवर कुणी आलेलं नाही.

तेरडा

हो, ती कासवाली मीच. कापा म्हणणारी. आता सगळे मला कैकेयी ठरवायच्या आत माझंही ऐका.

बाईंची वाकळ मी हातात घेतली तेव्हा तिला भुरीचा वास येत होता. साताऱ्याचा पाऊस, लोखंडी ट्रंक, त्यात डांबरगोळ्या. चार वर्षांत उघडली किती वेळा? बाई, तुम्हीच सांगितलंत, दोनदा. मधला भाग कुजलाय तो वापरून नाही, ठेवून ठेवून. अजून पाच वर्षं मायेनं ठेवलीत तर फ्रेम करायलाही काही उरणार नाही. चार तुकडे चार भिंतींवर राहिले तर निदान रोज कुणाच्या नजरेला पडतील.

आणि "सासूचं अंथरूण फाडलं" असं कुणी म्हणेल म्हणून घाबरायचं असेल तर मग आपण जे करतोय ते सगळंच बंद करायला हवं. माझं कास ज्या ओढणीचं आहे ती माझ्या बहिणीची होती. तीही आता नाही. मी कापलीच ना?

माणदेशी_पोरगा

आमच्या आज्जीला वाचून दाखवलं सगळं. ती सांगती तसं लिहितोय, चुकलं तर माझं.

"पोरी, वाकाळ कापायची नसती. कापली की ती वाकाळ ऱ्हात न्हाय, चिंध्याच की मंग. आन् मधी गेली म्हून रडायचं कशाला? मधीच जाती. माणूस मधी झोपतंय, कडंला न्हाय.

आमी चार जणी चार कडंला बसायचो. कापडं आंथरली की कोपऱ्यावं पाटा, वरवंटा, धोंडा, काय गावंल ते ठिवायचं, सरकत न्हाय. कडंनं सुरू करायचं आन् आत आत यायचं. मधी जागा ऱ्हायली न्हाय की तिघी उठायच्या, एकीनं शेवट करायचा. त्या दिशी तिला भाकरी थापायला लावायची न्हाय.

इरली की टाकायची नव्हती. तिच्यावंच नवं लुगडं घालायचं आन् परत शिवायची. जुनी ऱ्हाती आतच. माझ्या वाकळंत माझ्या सासूची वाकाळ हाय. तिच्यात कुणाची आसंल देवाला ठावं. चार किलू वजन उगंच येतंय व्हय? तुजी कापायच्या आदी तिच्या पोटात बघ."

मग आज्जीनं मोबाईल माझ्या हातातनं घेतला, मागचा फोटो मोठा केला आणि विचारलं, "ही बाई डावरी हुती का?" टाका उलट्या अंगाला कललाय म्हणती. मला तर काय कळत नाही. बाई, खरं का?

खडू_मिरज

चित्रकला शिकवायचो, आता निवृत्त. तंतुवाद्यांच्या गल्लीशेजारी राहतो, त्यामुळं जुनं लाकूड, जुना भोपळा कधी दुरुस्त करायचा आणि कधी नवा घ्यायचा यावरची भांडणं रोज ऐकतो. त्या अनुभवावर बोलतोय.

माणदेशच्या आज्जींचं एक वाक्य मला फार कामाचं वाटलं: कडेनं सुरू करून आत यायचं. पाश्चात्त्य रजईच्या पुस्तकांत बरोबर उलटं शिकवतात. मध्यातून बाहेर जा, नाहीतर मधे फुगा येतो. उत्तर कन्नडच्या हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची वाकळ, शिवतात, त्याही कोपऱ्यातून सुरू करून कडेकडेनं आत येतात. त्यांच्या कोपऱ्याला कापडाची घडी घालून केलेलं फूल असतं, ते नसेल तर काम पुरं झालं असं मानत नाहीत. म्हणजे आपल्याकडची पद्धत चुकीची नाही, वेगळी आहे. जमिनीवर, धोंड्याखाली ताणून शिवणाऱ्यांची.

आता तेरडाताईंचा मुद्दा. तुमचं कास मला फोटोतही आवडलं. ज्याला हल्ली आर्ट क्विल्ट म्हणतात ते हेच. पांघरायचं नाही, बघायचं. तरीही पदर आणि टाका तोच. अमेरिकेत अशा कलाकारांची संघटना १९८९ पासून आहे. पण तुमची ओढणी आणि ही वाकळ यात मला फरक दिसतो. ओढणी तुमच्या बहिणीनं वापरली, केली नाही. ती कच्चा माल होती. वाकळ तयार काम आहे. तिची रचना कुणीतरी ठरवलीय. तो खिसा कुठं लावायचा हे कुणाच्या तरी मनात होतं.

अलाबामात गीज बेंड नावाची वस्ती आहे, तिथल्या बायकांच्या रजयांचं २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात प्रदर्शन झालं, पुढं ते न्यूयॉर्कलाही गेलं. त्यात मिसूरी पेटवे यांची १९४२ ची एक रजई आहे. नवरा वारल्यावर त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची केलेली, त्याची आठवण म्हणून अंगावर घ्यायला. गुडघ्याला झिजलेल्या विजारी, त्यावरचे डाग, सगळं दिसतं. संग्रहालयानं ती टांगली तेव्हा आख्खी टांगली आणि शेजारी तिचं नाव लिहिलं.

म्हणून बाई, एकच विचारतो. चार फ्रेमा केल्यात आणि चौथी प्रदर्शनाला लावलीत, तर खाली नाव कुणाचं लिहिणार?

बिझनेसवाला_७

एवढी चर्चा कशाला? पुण्या-मुंबईत व्हिंटेज गोधडीला गिऱ्हाईक आहे. खराब भाग काढून त्याच्या पर्स आणि लॅपटॉप कव्हर करा, एका वाकळीत आठ नग बसतात. कॉन्टॅक्ट करा.

शाहूपुरीच्या_बाई

बिझनेसवाले, आठ नगांतल्या कुठल्या नगात खिसा येईल तेवढं कळवा. आत चंची ठेवायची आहे.

बाकीच्यांना सविस्तर लिहिते, थोडे दिवस द्या.

शाहूपुरीच्या_बाई

महिना उलटून गेला. मधे दुसरा शनिवारही होऊन गेला.

आधी आज्जींना उत्तर. हो, आत्याबाई डावऱ्या होत्या. हे मी इथं कुठंच लिहिलं नव्हतं. विळीवर भाजी चिरायला बसल्या की पाहुण्या बायका हसायच्या. पोरा, तुझ्या आज्जीला माझा नमस्कार सांग आणि तिचा मोबाईल काढून घेऊ नकोस.

मग मी पोटात बघितलं. टेबलावर पांढरी चादर, खिडकीपाशी उजेड, आणि काकांनी दिलेली टोकदार छोटी कात्री. कुजलेल्या जागेच्या कडेनं नऊ इंचांचे टाके सोडवले. कापले नाहीत, सोडवले. दोरा काढून कागदावर गुंडाळून ठेवलाय. नऊ इंचांना पावणेदोन तास लागले. हे दोनदा येऊन बघून गेले, तिसऱ्यांदा खुर्ची घेऊनच बसले.

इरकल उचललं. खाली जाडं कोरं कापड, कोपऱ्यात निळा शिक्का, अर्धा धुऊन गेलेला. ह्यांनी लगेच ओळखलं. मोठे काका मुंबईला गिरणीत होते, ते सुट्टीवर येताना डागी तागे स्वस्तात आणायचे. लालबागच्या खोलीत आणि माणदेशात एकाच ताग्याची कापडं, असं हे म्हणाले आणि मग बराच वेळ संपाच्या वर्षाबद्दल बोलत बसले. १९८२ ला काका परत आले ते परत गेलेच नाहीत. तो भाग मी इथं लिहीत नाही, पण ती संध्याकाळ त्यातच गेली.

दुसऱ्या दिवशी तो पदर उचलला. त्याच्या खाली वाकळ होती.

आख्खी वाकळ. लहान, साधारण पाच बाय साडेतीन असावी, कडेनं चाचपून बघितलं. रंग सांगता येत नाही, सगळं मातकट. पण टाका स्वच्छ दिसत होता. गव्हाएवढा, सैल, आणि उजव्या हाताचा. दोरा बाजारचा नव्हे, लुगड्याच्या काठातनं उसवून काढलेला, काही ठिकाणी तांबडा, काही ठिकाणी काळपट. आणि तेरडा, नीट ऐक: ती आतली मधे गेलेली नाही. तिच्यावरचं गेलं, ती शाबूत आहे.

वन्संना फोन केला. चार वर्षांत वाकळीवरनं आमचा हा पहिला फोन ज्यात कुणी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "ती म्हातारीची असणार." म्हातारी म्हणजे त्यांची आजी, आत्याबाईंच्या सासूबाई. मला खडूसरांचा प्रश्न आठवला. म्हटलं, वन्सं, म्हातारीचं नाव काय हो? त्यांना येईना. ह्यांना येईना. भावजींना विचारलं, त्यांनाही येईना. तीन नातवंडं तिच्या मांडीवर खेळलेली, आणि सगळ्यांना ती फक्त म्हातारी म्हणून ठाऊक.

नाव सापडलं ते जाऊबाईंच्या फायलीत. वाटणीच्या वेळी त्यांनी जमिनीचे जुने फेरफार काढून ठेवले होते. मी तेव्हा त्यावरनं त्यांना पुष्कळ बोलले होते. त्यातल्या एका नोंदीत, नवरा वारल्यावर वारस म्हणून, मोडी वळणाच्या देवनागरीत, मुलाच्या नावाच्या खाली. नाव इथं लिहीत नाही, घरातलं आहे. पण मांजरपाटाच्या पट्टीवर मी ते भरलंय, साखळी टाक्यानं. त्याच्याखाली आत्याबाईंचं. पट्टी वाकळीच्या मागच्या अंगाला, पायथ्याकडं लावलीय.

तर कापली नाही.

मधल्या जागेवर दोन्हीकडनं पुरेल एवढा मलमलीचा तुकडा घेतला, आधी तीनदा धुतला, चहाच्या पाण्यात बुडवणार होते तर कृष्णाकाठच्या ताईंनी निरोप पाठवून थांबवलं (चहाचा रंग कापडाला खातो म्हणे). मग तसाच पांढरट ठेवला. ठिगळ आहे, तर ठिगळ दिसू दे. कुजलेलं इरकल काढलं नाही, मलमलीच्या खाली तसंच आहे. चांगल्या कापडापर्यंत पोचून तिथं टाके घातले, सैल, माझे. तांदळाएवढे जमत नाहीत, हरभऱ्याएवढे आहेत. शनिवारी गटानं उलटून बघितलं आणि कुणी काही बोललं नाही. चहा ठेवायला गेलेली ती बाई म्हणाली, "दोरा जरा ओढतेस तू." तेवढंच.

मलमलीची एक बाजू, उशाकडची, मी शिवलेली नाही. तिथं दोन कापडी गुंड्या केल्यात. उघडलं की आतली दिसते. हा मात्र हट्ट माझा. काका म्हणाले मळ शिरेल, शिरू दे.

तेरडा त्या दिवशी आली तेव्हा तिनं गुंड्या काढल्या, आत हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. अजूनही म्हणते, भिंतीवर लाव. तिच्या म्हणण्यातलं एक मी ऐकलंय, ट्रंक बंद. आता पाइपवर गुंडाळून कपाटाच्या वर आहे, मांजरपाटात. भुरीचा वास जायला पंधरा दिवस लागले.

राहिली वाटणी. आम्ही तिघींनी ठरवलं, वर्षातले चार-चार महिने एकेकीकडं. चिठ्ठ्या टाकल्या. वन्संना पावसाळा आला, मला हिवाळा. जाऊबाईंना फाल्गुन ते ज्येष्ठ. काल त्यांचा फोन, "भर उन्हाळ्यात चार किलोची वाकळ घेऊन मी काय करू?" चिठ्ठ्या परत टाका म्हणतायत. वन्सं नाही म्हणतायत.